डोळ्यांची साक्ष

१५ जुलै १९५३ रोजी मुंबईत एक चमत्कारिक गोष्ट घडली. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे एक ‘कॉमेट’ विमान सांताक्रूझला उतरायचे होते. ते उतरले जुहूला. कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. त्याची प्रवासी वाहतूक सुरू होऊन सव्वा वर्षच झाले होते. आणि जुहूचा विमानतळ म्हणजे १९२८ साली समुद्रकाठच्या चिखलवटीवर सुरू झालेले, लहान विमानांपुरते मैदान. तिथल्या आखूड धावपट्टीवर जेट विमान थांबवणे हे कौशल्याचेच काम होते आणि वैमानिकाने ते पार पाडले. फक्त विमानतळ चुकीचा होता. तिथून ते विमान उडवून न्यायला नऊ दिवस लागले.

यानंतर एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअर लाइन्सचे डीसी-८ हे चार इंजिनांचे अवाढव्य विमान सांताक्रूझ समजून पुन्हा जुहूलाच उतरले. या वेळी धावपट्टी पुरली नाही. विमान तिच्या टोकाबाहेर गेले. काही प्रवाशांना दुखापती झाल्या. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. विमान मात्र पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही.

माझे बिऱ्हाड मंडईच्या परिसरात आहे. टिळक पुतळ्याजवळ संध्याकाळच्या चहाला जमणाऱ्या मंडळींना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा व्हायचे तेच झाले. “म्हणजे तुळशीबाग सांगितली आणि रिक्षावाल्यानं बाबू गेनू चौकात सोडलं, एवढंच ना?” असे एकाने विचारले आणि सगळे हसले. हसण्यासारखेच आहे ते. पण एकाच गावात, त्याच दोन विमानतळांच्या बाबतीत, वेगवेगळ्या देशांचे, कसून प्रशिक्षण घेतलेले वैमानिक तीच चूक करतात तेव्हा ‘वैमानिक गाफील होता’ या उत्तराने समाधान होत नाही. गाफीलपणा माणसागणिक वेगळा असतो. इथे चूक जागेला चिकटलेली दिसते.

विमान-अपघातांच्या चौकशीचा इतिहास चाळू लागलो तेव्हा एक गोष्ट जाणवली. पहिली कित्येक दशके या चौकशा ‘वैमानिकाने काय केले’ एवढेच विचारत होत्या. ‘त्याला काय दिसले’ हा प्रश्न फार उशिरा आला, आणि तो आल्यावर धावपट्टीचे दिवे बदलले, विमानातली उपकरणे बदलली, शिक्षण बदलले. या उशिराची किंमत किती माणसांनी दिली याची मोजदाद करणे कठीण आहे.

*

वैमानिकाला उतरताना नेमके काय दिसते ते आधी पाहू. प्रवासी विमान धावपट्टीकडे सुमारे तीन अंशांच्या कोनात उतरते. तीन अंश म्हणजे किती? पुणेकराला ते कागदावर काढून दाखवायची गरज नाही. पर्वतीच्या माथ्यावर उभे राहून मंडईच्या मनोऱ्याकडे पाहावे. सरळ रेषेत अंतर सुमारे दोन किलोमीटर, माथा मंडईच्या जमिनीपासून ऐंशी-पंच्याऐंशी मीटर उंच. नजर खाली झुकते ती जेमतेम अडीच अंश. म्हणजे धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर असलेला वैमानिक आपल्या पर्वतीवरच्या जागेहून थोडासाच वर असतो, आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे येत असतो. अर्ध्या मिनिटाने तो मंडईत! एवढ्या तिरप्या नजरेने पाहिल्यावर मंडईसमोरचे रुंद मैदानही एक चपटी पट्टी दिसते. धावपट्टीही तशीच दिसते: जवळची बाजू रुंद, दूरची अरुंद, मधली लांबी दबलेली. या आकारावरून वैमानिकाने आपली उंची ओळखायची असते. आकार जितका उभट, तितके आपण उंच. जितका चपटा, तितके खाली. शेकडो वेळा उतरून हा आकार त्याच्या डोळ्यांत बसलेला असतो, तो मुद्दाम आठवावा लागत नाही.

घोटाळा होतो तो इथेच. मंडईच्या जुन्या दगडी इमारतीत भाजीवाले उंच ओट्यांवर बसतात आणि माल त्यांच्या मांडीपासून गिऱ्हाइकाकडे उतरत येतो. टोमॅटोची रास मागे उंच, पुढे सखल. तेवढेच टोमॅटो सपाट फळीवर पसरले तर माल निम्मा वाटेल. उतरती रास आपल्याकडे तोंड करून उभी असते, म्हणून डोळ्यांत जास्त जागा व्यापते. (भाजीवाल्यांना हे कुणी शिकवले नाही आणि त्यात लबाडीही नाही, सगळ्यांच्याच राशी तशा असतात.) आता धावपट्टीचे दूरचे टोक जवळच्या टोकापेक्षा थोडे उंच आहे असे समजा. तीही वैमानिकाकडे तोंड करते, उभट दिसते आणि त्याला वाटते की आपण फार उंचावर आहोत. तो विमान खाली आणतो. खरी उंची बरोबरच होती. आता ती कमी झाली.

रुंदीचेही तसेच. रुंद धावपट्टीची सवय असलेल्या माणसाला अरुंद धावपट्टी दिसली की ती दूर आणि आपण उंच आहोत असे वाटते. हवेत धुके किंवा धूळ असेल तर अंतर वाढल्यासारखे भासते, समोरच्या काचेवर पाऊस असेल तर उंची. लक्षात येईल की यांतले बहुतेक भ्रम एकाच दिशेने ढकलतात: खाली. निसर्गाने वैमानिकाला फसवायचे ठरवले असते तर याहून वाईट दिशा निवडता आली नसती.

जुहू आणि सांताक्रूझची मांडणी पाहिली तर तिथल्या चुकीचा थोडा उलगडा होतो. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्याला आधी जुहू लागते, मग तीन-साडेतीन किलोमीटरवर सांताक्रूझ. दोन्हीकडे पूर्व-पश्चिम जाणारी एकेक धावपट्टी आहे आणि त्यांच्या दिशांत जेमतेम दहा अंशांचा फरक. जुहूची पट्टी सुमारे अकराशे मीटर, सांताक्रूझची आजची मुख्य पट्टी त्याच्या तिप्पट. पण लहान वस्तू जवळून आणि मोठी वस्तू दुरून डोळ्यांत सारखीच जागा घेते. ‘आता धावपट्टी दिसेल’ असे म्हणत समोर पाहणाऱ्याला ठरलेल्या दिशेला ठरलेल्या आकाराची धावपट्टी दिसली, की ती लहान आहे असे मन म्हणत नाही. ती अजून दूर आहे, असे म्हणते.

*

या विषयाचा पुण्याशी एक जुना धागा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. पण पावसाळ्यात जुहूची चिखलवट पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांची ती इवलीशी हवाई सेवा चंबूगबाळे आवरून पुण्याला येई आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान विमानतळ म्हणून वापरी. जेआरडींनी पुढे ही आठवण मिश्कीलपणे सांगितली आहे. त्या काळी विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर दिवे नव्हते, वाट दाखवणारे काहीच नव्हते. वैमानिकाचे सगळे भांडवल म्हणजे डोळे. आणि तरीही ही विमाने सुखरूप उतरत, कारण ती दिवसा उडत, हळू उडत आणि गवताच्या, मातीच्या, माणसांच्या मैदानावर उतरत.

गवत आणि मातीचे महत्त्व नीट सांगितले ते जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी लष्करी विमानदलासाठी वैमानिकांच्या निवडीचे आणि शिक्षणाचे काम करत होता. तोवर समज असा होता की खोलीचा अंदाज दोन डोळ्यांच्या मिळून पाहण्यातून येतो, म्हणून चांगल्या वैमानिकाचे दोन्ही डोळे जुळलेले हवेत. पण वायली पोस्ट या एकाच डोळ्याच्या वैमानिकाने १९३३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती! गिब्सनचे म्हणणे असे, की उतरणारा माणूस जमिनीचा पोत पाहतो. दूरची ढेकळे बारीक, जवळची मोठी. आणि विमान ज्या बिंदूकडे चालले आहे तो एक बिंदू स्थिर राहून बाकी सगळी जमीन त्याच्यापासून चहूबाजूंनी पसरत, वाहत जाते. त्या स्थिर बिंदूवर विमान पोचणार. १९५० साली आलेल्या पुस्तकात त्याने हे सविस्तर मांडले. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकणाऱ्याला हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. ग्लायडरला इंजिन नाही; उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करायची सोय नाही. शेतांच्या बांधांवरून, गवतावरून नजर फिरवत तो कोन ओळखायला शिकतो, आणि दिवसाउजेडी ही नजर फार भरवशाची असते.

रात्री हा पोत नाहीसा होतो. उरतात ते दिवे.

इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत कॅल्व्हर्ट नावाचा एक अभियंता १९४०च्या दशकात नेमक्या याच प्रश्नाशी झटत होता. धावपट्टीच्या आधी जमिनीवर दिव्यांची नुसती एक रांग लावली तर वैमानिकाला दिशा कळते, पण विमान डावी-उजवीकडे कलले आहे का ते कळत नाही. कॅल्व्हर्टने मधल्या रांगेला आडव्या दिव्यांच्या पट्ट्या जोडल्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक छोटे कृत्रिम क्षितिज. कल्पना साधी वाटते. पण वैमानिकाला काय दिसते हे ओळखून त्याच्यासाठी जमिनीवर चित्र काढायचे, ही दृष्टी त्यामागे होती. ती मला विमानविद्येतल्या कुठल्याही इंजिनाइतकी मोलाची वाटते.

*

तरी एक कोडे राहिलेच. १९६०च्या दशकात बोइंग कंपनीचे ७२७ हे नवे जेट विमान सेवेत आले आणि लागोपाठ अपघात झाले. ऑगस्ट १९६५ मध्ये एक शिकागोजवळ मिशिगन सरोवरात कोसळले. नोव्हेंबरमध्ये एक सिनसिनाटीच्या धावपट्टीआधीच्या टेकाडावर आदळले. ४ फेब्रुवारी १९६६ रोजी तिसरे टोकियोच्या उपसागरात पडले आणि १३३ माणसे गेली. एकाच विमानाच्या अपघातात तोवर इतकी माणसे क्वचितच दगावली होती. तिन्ही वेळा अंधार पडलेला किंवा पडत आलेला, समोर दिव्यांनी उजळलेले शहर, आणि मध्ये पाणी किंवा अंधारी दरी. टोकियोच्या वैमानिकाने तर हवा स्वच्छ आहे म्हणून उपकरणांच्या आधाराने यायचा बेत सोडून डोळ्यांनी पाहत उतरायचे ठरवले होते.

विमानात दोष आहे का, म्हणून कंपनी चिंतेत पडली. बोइंगमधल्या कॉनराड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याचा सहकारी चार्ल्स एल्वर्थ याने वेगळी शंका घेतली. त्यांनी प्रयोगशाळेत एका शहराची रात्रीची प्रतिकृती उभी केली: लुकलुकणारे दिवे, आधी धावपट्टी, मागे चढत गेलेले शहर, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे निव्वळ काळोख. कंपनीच्या बारा अनुभवी प्रशिक्षक-वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून, उंचीमापक झाकून, उतरायला सांगितले. जवळजवळ सगळेच धावपट्टीच्या कितीतरी आधी जमिनीला धडकले. प्रयोगातले विमान होते म्हणून बरे. आणि हे नवशिके नव्हते, इतरांना शिकवणारे होते.

क्राफ्टने दिलेले कारण आपल्या शाळेतल्या भूमितीतले आहे. एका जीवेने वर्तुळाच्या एकाच कंसावर केलेले सगळे कोन समान असतात, हे प्रमेय आपण पाठ केलेले असते. शहराची अलीकडची कड आणि पलीकडची कड ही ती जीवा. काळोखातून येणाऱ्या वैमानिकापाशी दुसरी खूण नसते, म्हणून शहर डोळ्यांत जेवढा कोन व्यापते तो कायम राखत तो नकळत खाली येत राहतो. कोन कायम म्हणजे वाट वर्तुळाची. सरळ उतारावरून येण्याऐवजी विमान झोळीसारख्या वाटेने येते: आधी भराभर खाली, मग जमिनीच्या जवळून लांबवर. शहर सपाट असेल तर ही झोळी कशीबशी शहराच्या कडेला पोचते. ते मागच्या डोंगरावर चढत गेलेले असेल तर जीवा तिरकी होते, वर्तुळ कलंडते आणि झोळीचा तळ धावपट्टीच्या आधीच जमिनीला टेकतो. वैमानिकाला मात्र शेवटपर्यंत सगळे ठीक दिसत असते. या प्रकाराला वैमानिक ‘काळे विवर’ म्हणतात. त्यात पडणाऱ्याला ते विवर दिसत नाही.

दिवाळीच्या रात्री सिंहगडाच्या वाटेवरून पुण्याकडे पाहिले आहे त्याला हे लगेच उमजेल. मधला अंधार आपल्याला अंतर म्हणून जाणवतच नाही. दिवे हाताशी आल्यासारखे दिसतात, आणि कात्रजच्या घाटाकडे चढत गेलेली ओळ हवेत टांगल्यासारखी.

*

भ्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोरीवरचा साप ठरलेला. पण आपल्या शास्त्रकारांनी भ्रमात एक बारीक भेद केला आहे आणि तो इथे विलक्षण उपयोगी पडतो. दोरी साप वाटली आणि दिवा आणला, की साप नाहीसा होतो आणि पुन्हा दिसत नाही. हा निरुपाधिक भ्रम. दुसरा प्रकार सोपाधिक: जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे पक्के ठाऊक असले तरी, फूल शेजारी असेतो तो लालच दिसत राहतो. मृगजळही तसेच. ज्ञानाने तहानेची धाव थांबते, पाणी दिसणे थांबत नाही.

जुहूची चूक पहिल्या जातीची. नैयायिक तिला अन्यथाख्याती म्हणतील: शिंपल्यात चांदी दिसावी तसे, पाहायचे होते ते सांताक्रूझ समोर असलेल्या जुहूवर आरोपित झाले. कुणीतरी ‘हे जुहू आहे’ एवढे सांगितले असते तर भ्रम तिथेच फिटला असता. लंडनमध्ये नेमके हेच केले गेले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी पॅन अ‍ॅमचे एक ७०७ हीथ्रो समजून शेजारच्या नॉर्थोल्ट या लष्करी विमानतळावर उतरले. दोन्ही वाटांवर गॅस साठवण्याच्या मोठ्या टाक्या होत्या आणि त्याच खुणा म्हणून वैमानिकांचा गोंधळ उडवत होत्या. त्यांवर भली मोठी अक्षरे रंगवली गेली: एकीवर हीथ्रोची, दुसरीवर नॉर्थोल्टची. दुकानावर पाटी लावावी तशी.

काळे विवर मात्र स्फटिकाच्या जातीचे आहे. पाटी लावून, समज देऊन, शिक्षा करून ते जात नाही. क्राफ्टच्या प्रयोगाची हकिकत पाठ असलेल्या वैमानिकालाही आपण उंच आहोत असेच दिसते. म्हणून तिथे डोळ्यांना शिकवून भागत नाही; दुसरा साक्षीदार उभा करावा लागतो. फार्नबरोच्या मंडळींनी तो दिव्यांतूनच उभा केला. धावपट्टीच्या कडेला असा दिवा ठेवायचा की जो ठरलेल्या कोनाच्या वरून पांढरा दिसेल आणि खालून लाल. सत्तरच्या दशकात इंग्लंडातच बेडफर्डला त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीच आज जगभर दिसते: एका ओळीत चार दिवे. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार वर. चारही लाल म्हणजे ताबडतोब वर या. रात्री पुढच्या खिडकीशी बसायला मिळाले तर वळणावर क्षणभर हे चार दिवे दिसतात. शोधावे.

*

आपल्याकडच्या अपघातांकडे हे सगळे लक्षात ठेवून पाहिले की अहवालांची भाषा निराळी ऐकू येते. सगळेच दृष्टिभ्रमाचे अपघात नव्हेत, हे आधी स्पष्ट करतो. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण मेले. ती दिशादर्शनातली चूक होती. मुंबई जवळ आली असे समजून विमान वेळेआधी खाली आले. आषाढातला सह्याद्री, ढग आणि रात्र. डोळ्यांना तिथे चूक करायलाही काही उरले नव्हते.

१४ जून १९७२ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळाकडे येणारे जपान एअर लाइन्सचे विमान यमुनेकाठी कोसळले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. भारतीय चौकशीने ठपका ठेवला तो असा, की धावपट्टी खरोखर दिसली याची खात्री न करताच वैमानिकांनी उपकरणांकडे पाहणे सोडले. जपानी बाजूचे म्हणणे होते की जमिनीवरून उताराचा खोटा संकेत मिळाला. वाद मिटला नाही. आणि याच कंपनीचे दुसरे विमान तीनच महिन्यांनी जुहूला उतरले. बाहेर पाहायचे की आत, हा प्रश्न त्या वर्षी त्या कंपनीच्या प्रत्येक वैमानिकाच्या डोक्यात असणार, असे मला वाटते.

२२ जून १९८२. पहाटेचा अंधार, मुंबईत धो धो पाऊस. एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ हे ७०७ क्वालालंपूरहून मद्रासमार्गे आले आणि धावपट्टीआधीच इतक्या जोरात टेकले की मोडले. १११ पैकी १७ जण दगावले. चौकशीचा निष्कर्ष: वैमानिकाला उंचीचे भान राहिले नाही आणि त्याने इंजिनांची शक्ती कमी केली. ‘भान राहिले नाही’ हे शब्द अचूक असतील, पण ते वाक्य जिथे थांबते तिथून खरा प्रश्न सुरू होतो. ओल्या काचेतून दिवे वाकडे होऊन येतात आणि उंची वाढल्याचा भास होतो, हे वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे. त्या पहाटे तेच घडले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की ‘भान’ हा माणसाच्या स्वभावाचा गुण नाही. ते कुठून तरी यावे लागते आणि त्या पावसात ते काचेतून येणार नव्हते.

याउलट १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘सम्राट अशोक’ या जम्बो जेटने सांताक्रूझहून उड्डाण केले तेव्हा दोष आतल्या साक्षीदारात निर्माण झाला. विमान कोणत्या बाजूला कलले आहे ते दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले. ते खरे की खोटे हे खिडकीतून पडताळायचे, तर समोर काळा अरबी समुद्र आणि काळे आकाश. क्षितिजाची रेघ नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले, २१३ जणांसह. हा अपघात उतरतानाचा नव्हे, तरी इथे सांगतो, कारण ‘डोळ्यांवर विसंबू नका, उपकरणावर विसंबा’ हा सरळसोट उपदेश त्याने खोटा ठरवला. एकाला दुसऱ्याने आणि दुसऱ्याला तिसऱ्याने तपासावे लागते. बंगळूरला १९५७ साली वायुदलाने सुरू केलेल्या विमानवैद्यक संस्थेत वैमानिकांना गरगर फिरणाऱ्या खुर्च्यांत बसवून हा अनुभव मुद्दाम दिला जातो, तो एवढ्यासाठीच: आपण कसे फसतो हे त्यांना शरीराने कळावे म्हणून.

तिसरा साक्षीदार म्हणजे शेजारच्या आसनावरचा माणूस. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडला उतरत होते. डोंगरमाथा कापून केलेली धावपट्टी, दोन्ही टोकांना उतार. अंधार पडलेला, पाऊस, वारा पाठीमागून, आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. कॅप्टन दीपक साठे हे आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचे विद्यार्थी, वायुदलात नाव काढलेले अधिकारी. विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले, टोकावरून पुढे गेले आणि सुमारे ११० फूट खाली पडून तुटले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

या अपघाताचा अहवाल जुन्या अहवालांसारखा एका वाक्यात थांबत नाही. तो पाऊस, वायपर, अंधार, कामाच्या वेळा या सगळ्याची दखल घेतो. तरीही मुख्य कारण म्हणून तो नियमभंगच नोंदवतो: उतरणे नीट जुळलेले नसताना ते सोडून पुन्हा वर जायला हवे होते. मला ते पटते. दृष्टिभ्रम समजून घेणे म्हणजे त्याच्या आड लपणे नव्हे. उलट डोळे फसणार हे ठाऊक आहे म्हणूनच असे नियम लिहिले गेले, आणि ते असे लिहिले गेले की वरिष्ठाला दिसत असलेले चित्र कनिष्ठाने मोडता यावे. आपल्या समाजात हे किती अवघड आहे ते वेगळे सांगायला नको. वायुदलातून आलेल्या, वयाने आणि हुद्द्याने कितीतरी मोठ्या माणसाला ‘सर, तुम्हाला दिसतंय ते खरं नाही’ असे पावसाळी अंधारात काही क्षणांत म्हणायचे असते. कोळिकोडला सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, हे ध्वनिमुद्रणावर आहे. त्याने स्वतः नियंत्रण हाती घेऊन विमान वर नेले नाही, याचीही नोंद अहवालात त्याच वाक्यात पुढे आहे.